ब्लॉकचा कान

पाइप आले त्या दिवशी भिंगरीला कात्री शोधायचाही धीर नव्हता. तिनं खोक्याचा पुठ्ठा टराटरा फाडला, आतला भुसा गॅरेजभर उडवला आणि ते धूड दोन्ही हातांनी उचलून दारातल्या उजेडात धरलं. चार चकचकीत पोलादी पाइप वेगवेगळ्या वळणांनी खाली येऊन एका तोंडात मिळाले होते, चार बोटं मनगटाला मिळावीत तसे. गाड्यांच्या दुनियेत याला हेडर म्हणतात. इंजिनातला जळका धूर बाहेर काढायला जुन्या गाड्यांत बिडाचा एक जाडजूड नळ असतो, आणि चारही सिलिंडरांचा धूर त्या एकाच बोळात धक्काबुक्की करत जातो. हेडरमध्ये ज्याची त्याची वाट वेगळी. इंजिन मोकळा श्वास घेतं आणि गाडी पळते.

भिंगरीला पळणारी गाडी हवी होती. ती गॅरेजवाल्या मिस्त्रींची धाकटी लेक. चालायला लागल्यापासून एका जागी ठरली नाही म्हणून भिंगरी, आणि तेच नाव पुढे शर्यतीच्या पाटीवरही लागलं. शहराबाहेरच्या डोंगराच्या रस्त्यावर दरवर्षी गाड्यांची शर्यत होते. एकेक गाडी पायथ्यापासून सुटते आणि माथ्यावर पोचली की घड्याळ थांबतं. मिस्त्रींनी उमेदीच्या काळात ती शर्यत आपल्या पिवळ्या गाडीतून गाजवली होती. पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि गाडी लेकीच्या हातात आली. लेक चालवायची बापापेक्षा धीट. पण शेवटच्या चढाला इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकायला लागायचं, आणि पहिला नंबर समोर दिसत असताना हातचा निसटायचा.

म्हणून हे हेडर. बनवणारी कंपनी गाडीच्या कंपनीहून वेगळी होती, पण खोक्यावर याच इंजिनाचं नाव छापलेलं होतं. भिंगरीच्या थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, जुना नळ सोडवला आणि पाइप जागेवर लावायला घेतले. पहिला बसला, दुसरा बसला. तिसरा काही केल्या बसेना. दादानं टॉर्च मारून पाहिलं. ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडाच्या, अंगाला बिडाचा एक उंचवटा होता, कानासारखा पुढे आलेला. तिसरा पाइप नेमका त्याच्यावर जाऊन टेकत होता. हेडर बनवणाऱ्यांनी माप घेतलं होतं ते नंतरच्या ब्लॉकचं. त्याला हा कान नव्हता. जुन्या ब्लॉकला कधीकाळी पंप टांगायला तो ओतलेला, आणि या गाडीत तर त्याच्यावर कधीच काही टांगलं गेलं नव्हतं. नुसताच बसून होता, लग्नात रुसलेल्या पाहुण्यासारखा.

दादा सरळ माणूस. रोजच्या गिऱ्हाइकांच्या गाड्या सांभाळता सांभाळता त्याला भलत्या भानगडींचा कंटाळा आलेला. तो म्हणाला, पाइपाला हातोडीनं पोचा पाडू, बसेल. सगळे तेच करतात. भिंगरीनं हेडर पोटाशी धरलं. पोचाच पाडायचा तर नवे पाइप आणले कशाला, असं तिचं म्हणणं. दोघं बराच वेळ वाद घालत राहिली.

"कान कापा," वहिनी म्हणाली.

ती लेथवर होती. तिनं मशीन बंदही केलं नव्हतं, नुसती मान वळवून बोलली. दादा आणि भिंगरी दोघंही तिच्याकडे वळली.

वहिनी म्हणजे दादाची बायको. माहेर ओतकाम करणाऱ्यांचं. वडील भट्टीवर, काका साच्यांवर, आणि ही फ्रॉक घालायच्या वयापासून वाळूत खेळत मोठी झालेली. लग्न होऊन आली तेव्हा घरच्यांना वाटलं, सून घर बघेल, फार तर गॅरेजचे फोन घेईल. पहिल्याच महिन्यात तिनं लेथवर दादानं खराब केलेला एक शाफ्ट त्याच्या हातातून काढून घेतला आणि नीट करून दिला. तेव्हापासून लेथ तिचा. बढाई मारायला ती मागेपुढे पाहत नसे. "आमच्या घरी लोखंड पाण्यासारखं वाहायचं," असं ती कुणालाही ऐकवी आणि ऐकणाऱ्यानं नाक मुरडलं तरी तिचं काही बिघडत नसे. गिऱ्हाइकंसुद्धा तिला वहिनीच म्हणत.

पण कान कापा म्हणणं सोपं होतं. ब्लॉक मिस्त्रींचा होता. तसला ब्लॉक आता कुठे बनत नव्हता, मिळत नव्हता. मिस्त्रींनी त्याचे सिलिंडर स्वतः तासून बोअर केलेले, त्याचा एकेक आटा स्वतः साफ केलेला. गॅरेजचा सगळा कारभार त्यांनी मुलाच्या हवाली केला होता, पण पिवळ्या गाडीचं बॉनेट त्यांच्या देखत दुसऱ्या कुणी उघडलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडत. त्यांना विचारायला जायला दादा तयार नव्हता. भिंगरी लाडकी, पण तिचीही छाती होईना. वहिनी हात पुसत एकटीच आत गेली.

मिस्त्री खिडकीपाशी खुर्चीत बसून चष्म्याची दांडी तारेनं बांधत होते. तिनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी तार बांधून पूर्ण केली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे पाहिलं.

"कान कापशील. त्याच्या मागे पाणी किती जवळ आहे, ठाऊक आहे तुला?"

हाच खरा प्रश्न होता. ब्लॉक दिसतो भरीव, पण आतून तो पोकळ असतो. सिलिंडरांभोवती थंड पाणी खेळतं आणि त्या पाण्याला बाहेरच्या जगापासून अडवते ती बिडाची एक भिंत. कान त्या भिंतीवरच होता. भिंत जाड असली तर कान खुशाल जाईल. पातळ असली तर ग्राइंडर आरपार, आणि मग ब्लॉक भंगारात.

"नाही ठाऊक," वहिनी म्हणाली. "म्हणून आधी दुसरा कापते. मागे तडकलेला पडलाय ना, तो द्या."

गॅरेजच्या मागच्या अंगणात तसलाच एक ब्लॉक पडून होता, मधोमध तडा गेलेला. मिस्त्रींनी तो कधी टाकू दिला नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, कापून आण, मग बोलू. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच माहीत. बहुतेक वाटलं असावं, ग्राइंडरची चार पानं झिजली की सूनबाई आपणच परत येईल.

सूनबाईनं झिजवलेली पानं चाराहून बरीच जास्त असतील, पण ती परत आली ती बिडाचा एक तुकडा घेऊनच. पावाच्या स्लाइससारखा उभा काप होता तो, कान आणि मागची भिंत एकत्र दाखवणारा. मिस्त्री जेवत होते. तिनं तो पुसून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. कानाच्या वरच्या अंगाला भिंत अंगठ्याएवढी जाड होती. खाली उतरता उतरता ती पातळ होत गेलेली, आणि अगदी तळाशी करंगळीच्या नखापेक्षा थोडी जास्त, एवढीच. मिस्त्रींनी डाव्या हातानं तो काप फिरवून फिरवून पाहिला. जन्म या ब्लॉकांत गेला, पण ही भिंत आतून अशी उघडी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ते जेवायचं विसरले.

"वरचं काढता येईल," ते म्हणाले.

"या ब्लॉकचं येईल," वहिनी म्हणाली. "आपल्या ब्लॉकचं वेगळं असेल."

मग तिनं त्यांना माहेरची गोष्ट सांगितली. ब्लॉकची पोकळी बनवायला साच्यात वाळूचा गाभा ठेवतात. ओतताना तो गाभा केसभर इकडेतिकडे सरकतो. त्यामुळे एकाच साच्यातले दोन ब्लॉक बाहेरून जुळे दिसले तरी आतून सख्खे भाऊही नसतात. तिचे वडील तर ब्लॉकवर हातोडी टिचकावून सांगत, गाभा कुठल्या अंगाला कलला आहे. तिला तेवढं येत नव्हतं, आणि ते तिनं कबूल केलं. पण मोजता येतं, असं ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून इंजिन कप्पीला लागलं. दादा पाइपाला पोचा पाडायच्या मताचा होता, तरी एकदा ठरलं म्हटल्यावर त्यानं हात आखडता घेतला नाही. इंजिन खाली उतरवणं, सगळं सोडवणं, ब्लॉक धुऊन स्टँडवर चढवणं, सगळं त्यानं केलं, आणि करता करता बायकोला बजावलं, की बाबांचा ब्लॉक फुटला तर आपल्या दोघांना मागच्या अंगणात त्या तडकलेल्या शेजारी राहावं लागेल. वहिनी हसली नाही. ती भिंतीची जाडी मोजायला वाकड्या पायांचा कॅलिपर बनवण्यात गुंतली होती.

ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल बुचांनी बंद केलेली भोकं असतात. कानाजवळचं एक बूच काढलं की तिथून आतल्या पोकळीत जाता येत होतं, पण सरळ नाही, कोपऱ्यावरून वळून. वहिनीनं सळया तापवून बगळ्याच्या मानेसारख्या वाकवल्या, त्यांची टोकं घासून गोल केली आणि मध्ये खिळा ठोकून जोडल्या. एक टोक भोकातून आत, दुसरं बाहेर, आणि भिंत दोघांच्या चिमटीत. पहिला कॅलिपर आत अडकला, दुसरा डुगडुगला. तिसरा जमला. ती जागोजागी माप घेत गेली आणि ब्लॉकवरच खडूनं आकडे लिहीत गेली. वर भिंत चांगलीच जाड निघाली. खाली मात्र तडकलेल्या ब्लॉकपेक्षाही पातळ. या ब्लॉकचा गाभा बाहेरच्या अंगाला सरकला होता. तडकलेल्यावर विसंबून कापलं असतं तर तळाशी थेट पाण्यात गेलो असतो, हे दादाला दिसलं.

वहिनीनं त्या आकड्यांवरून एक रेघ ओढली. रेघेच्या वरचा कान जाणार. खालचा कोपरा राहणार.

"पण कोपरा राहिला तर पाइप टेकणारच," भिंगरी म्हणाली.

वहिनीनं त्याचाही विचार केला होता. हेडर इंजिनाला जिथे बोल्टांनी बसतं तिथे ती एक जाड पट्टी घालणार होती, म्हणजे चारही पाइप तेवढेच बाहेर येतील. थोडं ब्लॉकनं सरकायचं, थोडं पाइपांनी.

कापायचं ठरलं तो सुट्टीचा दिवस होता. मिस्त्रींनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं की ते येणार नाहीत, त्यांना बघवणार नाही. सकाळी वहिनीनं सगळी भोकं ग्रीसच्या चिंध्यांनी बुजवली, टेप मारली आणि चष्मा लावून ड्रिल हातात घेतलं, तोवर मिस्त्री आपला स्टूल ओढत आले आणि ब्लॉकपासून हातभर अंतरावर बसले.

तिनं आधी रेघेला धरून ओळीनं भोकं पाडली, मग हॅकसॉ चालवला. कानाचा मोठा तुकडा ठण्णकन खाली पडला तेव्हा भिंगरी दचकली. पुढचं काम ग्राइंडरचं. बिडाच्या ठिणग्या लांब जात नाहीत, जवळच तांबूस होऊन विझतात. करडी भुकटी मात्र सगळीकडे बसते. वहिनीचे हात, भुवया, मिस्त्रींचा सदरा, सगळं करडं झालं. ती थोडं घासायची, थांबायची, कॅलिपर लावायची, पुन्हा घासायची. मिस्त्री पुढे पुढे सरकत होते. शेवटी त्यांचं नाक जवळजवळ ग्राइंडरला लागायची वेळ आली तेव्हा दादानं त्यांना खांद्याला धरून मागे घेतलं.

रेघ अजून थोडी लांब होती आणि मिस्त्री म्हणाले, "बस. आता हात लावू नकोस."

आवाज मोठा नव्हता, पण त्या घरात तो आवाज कुणी मोडत नसे. दादानं ग्राइंडरच्या बटणाकडे हात नेला. वहिनीनं ग्राइंडर स्वतःच बंद केला, कॅलिपर लावला आणि तसाच न हलवता मिस्त्रींच्या पुढे धरला.

"बाबा, तुम्हीच बघा. अजून आहे."

मिस्त्रींनी तिच्या हातातला कॅलिपर स्वतःच्या हातात घेतला. भोकातून आत घालायला त्यांना वेळ लागला; बोटं पूर्वीसारखी ऐकत नव्हती. सळीचं टोक भिंतीला लागलं तसे ते डोळे मिटून बसले. एकदा मोजलं, जागा बदलून परत मोजलं. मग कॅलिपर तिला परत दिला आणि स्टुलावर मागे रेलले.

"चालू दे," ते म्हणाले.

तिनं रेघेपर्यंत नेलं आणि शेवटचा हात कानशीनं फिरवला, गुळगुळीत, कुठे कंगोरा न ठेवता. नंतर भिंगरीनं हेडर आणून लावलं. जाड पट्टीसकट चारही पाइप जागेवर बसले आणि तिसऱ्या पाइपाच्या नि ब्लॉकच्या मधून पुठ्ठ्याचा तुकडा आरामात फिरला. पाइप नवे आणि ब्लॉक जुना, हे ज्याला माहीत नाही त्याला तिथे उरलेला कोपरा कधीकाळी कान होता हेही कळलं नसतं.

मिस्त्रींचं समाधान एवढ्यानं होणार नव्हतं. ते म्हणाले, हवा भरून बघू. दादानं पाण्याच्या सगळ्या वाटा रबर आणि पट्ट्या लावून बंद केल्या, पंपानं आत हवा भरली आणि भिंगरीनं ब्लॉकवर साबणाचं पाणी फासलं. भिंतीत बारीक जरी छिद्र असलं तरी तिथे बुडबुडा धरणार. चौघं कापलेल्या जागेवर डोळे लावून बसली. साबण वाळत आला, परत फासला. काही नाही. वहिनीनं श्वास सोडला.

"इथे आहे," भिंगरी म्हणाली.

ती साबण फासत ब्लॉकच्या पलीकडच्या अंगाला गेली होती. तिकडे, कापलेल्या जागेपासून पार लांब, जुन्या रंगाखाली एक बुडबुडा हळूहळू फुगत होता. वहिनीनं रंग खरवडला. खाली एक बारीक आटेदार खिळा निघाला, कुणीतरी चीर बुजवायला बसवलेला. सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. मिस्त्रींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग त्यांना आठवलं. एका शर्यतीच्या आदल्या दिवशी घाईघाईत बसवलेला खिळा, नंतर नीट करू म्हणून राहिलेला. इंजिन थोडं पाणी पितं, असं ते पुढची कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले होते, जणू तो त्याचा स्वभावच.

आधी दादा हसला, मग भिंगरी, आणि मिस्त्रींना तर हसता हसता ठसका लागला. "ब्लॉकचा कान कापता कापता हिनं माझेही कापले," ते म्हणाले. वहिनीनं जुना खिळा काढून त्याच्या जागी जाडसर नवा बसवला, आणि मिस्त्रींना विचारून बसवला. या वेळी साबणाचं पाणी नुसतंच वाळून गेलं.

इंजिन पहिल्यांदा चालू झालं तेव्हा आवाज वेगळाच होता. जुना घोगरा घसा जाऊन गाडीला खणखणीत गळा फुटला होता. शेजारचा शिंपी कात्री हातात तशीच घेऊन बाहेर आला. भिंगरीचे पाय जमिनीवर ठरेनात.

शर्यतीच्या सकाळी पायथ्याशी तपासणीची रांग लागली होती. तपासनीस वयस्कर होता आणि मिस्त्रींना जुना ओळखत होता. त्यानं बॉनेटखाली टॉर्च मारला, हेडर पाहिलं, मग टॉर्च ब्लॉकवर खिळवला आणि कापलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. नियमात बसतं, आतलं काही बदललेलं नाही, असं तो म्हणाला. पण अंगठा काही त्यानं काढला नाही.

"हात कुणाचा हा? तुझा?" त्यानं मिस्त्रींना विचारलं.

त्या इंजिनाबद्दल आजवर कुणीही काहीही विचारलं की मिस्त्रींचं उत्तर एकच असे, मी केलंय. या वेळी ते बाजूला झाले आणि मागे उभ्या वहिनीला त्यांनी हातानं पुढे आणलं.

"माझी सून," ते म्हणाले. "आधी दुसरा ब्लॉक कापून बघितला तिनं. मग याला हात लावला. माझ्या हातून नसतं झालं."

वहिनीला बढाई मारायची एवढी सवय, पण त्या वेळी तिनं माहेरचं नावही काढलं नाही. ती नुसती ताठ उभी राहिली, आणि दादा तिच्याकडे असा बघत होता की तपासनिसाला त्याला दोनदा बाजूला व्हायला सांगावं लागलं.

भिंगरी सुटली. खालून गाडी दिसत नव्हती, नुसती ऐकू येत होती. वळणावळणानं आवाज वर चढत गेला. शेवटच्या चढाशी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला, कारण दरवर्षी तिथेच आवाज बसायचा. या वेळी तो बसला नाही. उलट भिंगरीनं आणखी दाबलं, आणि खणखणीत सूर डोंगराच्या पार माथ्यापर्यंत गेला. लाउडस्पीकरवर तिची वेळ सांगितली तेव्हा मिस्त्री गुडघे विसरून उभे राहिले. तिच्या गटात ती पहिली होतीच, पण बापानं याच गाडीतून उमेदीत घेतलेली वेळही तिनं मागे टाकली होती. हे मिस्त्रींनीच आधी ओळखलं आणि दिसेल त्याला सांगत सुटले. जणू हरण्यासारखं सुख नाही.

वहिनीनं वडिलांना फोन लावला आणि गर्दीतून ओरडून सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शर्यतीचं फारसं मनावर घेतलं नाही. कापल्यावर आतलं बीड कसं दिसलं, एवढंच विचारलं. ती म्हणाली, बारीक दाण्याचं, एकसारखं, कुठे पोकळ नाही. पलीकडून समाधानाचा हुंकार आला. "मग चांगल्या हातांनी ओतलाय ब्लॉक," ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात लांबून एक गडी टेम्पोत ब्लॉक घालून गॅरेजच्या दारात आला. त्यालाही हेडर बसवायचं होतं. त्यानं मिस्त्रींना विचारलं. मिस्त्रींनी मान हलवून लेथकडे बोट दाखवलं आणि तो तिकडे जाईपर्यंत आपला स्टूल हळूच जवळ ओढून घेतला. वहिनीनं बूच काढलं, कॅलिपर आत घातला, इथे तिथे मोजलं. मग हात पुसत त्याला सांगितलं की याची भिंत फार पातळ आहे, ती हा कापणार नाही, आणि दुसऱ्या कुणी कापतो म्हटलं तरी त्यानं कापू देऊ नये. हवी तर जाड पट्टी करून देईन, म्हणाली. गडी हिरमुसला. एवढ्या लांबून आलो, थोडा तरी कापा, असं तो परत परत म्हणत राहिला.

"एकदा नाही म्हणाली ना ती," स्टुलावरून मिस्त्री म्हणाले. "पट्टीचं माप दे आणि चहा घे."